मज्जातंतूंचा निरोप

ऑस्ट्रिया देशाच्या दक्षिण भागात मुर नदीच्या काठी ग्रात्स नावाचे एक जुने नगर आहे. पहिले महायुद्ध संपून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ईस्टरच्या सणाची आदली रात्र होती. सर्व नगर निद्राधीन झाले असता तेथील विद्यापीठातील एक प्राध्यापक एकाएकी जागे झाले. झोपेत त्यांना काहीतरी विलक्षण सुचले होते. त्यांनी दिवा लावला, पातळ कागदाच्या एका चिटोऱ्यावर चार ओळी खरडल्या आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी सहा वाजता त्यांना जाग आली, तेव्हा रात्री आपण अत्यंत महत्त्वाचे असे काही लिहून ठेवले आहे, एवढेच त्यांना आठवले. त्यांनी कागद हाती घेतला. परंतु स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! विचार आठवेना आणि कागदावरून उलगडेना. तो रविवार त्यांना युगासारखा गेला. आपल्या शास्त्रीय जीवनातील सर्वांत बेचैनीचा दिवस म्हणून पुढे आयुष्यभर त्यांनी त्या दिवसाची आठवण ठेवली.

दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा त्यांच्या मनात प्रकट झाली. या खेपेस त्यांनी कागदावर विसंबून राहण्याची चूक केली नाही. ते तडक उठले, प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी एक प्रयोग केला. प्रयोग साधाच होता. पण त्यामुळे मानवी शरीराविषयीच्या एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि मेंदूच्या व हृदयाच्या अनेक औषधांचा मार्ग मोकळा झाला. या प्राध्यापकांचे नाव ओटो लोवी.

ओटोचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे वडील द्राक्षमद्याचे व्यापारी होते. घरची स्थिती चांगली होती. शाळेत ओटोला भाषा आणि इतिहास हे विषय फार आवडत; गणित व पदार्थविज्ञान यांत मात्र त्याची गती बेताचीच होती. मोठेपणी आपण चित्रे, शिल्पे आणि जुन्या इमारती यांचा अभ्यास करावा, कलेचा इतिहासकार व्हावे, अशी त्याची मनीषा होती. परंतु घरच्या मंडळींचा विचार निराळा होता. मुलाने पोटापाण्याचा भरवशाचा व्यवसाय धरावा, असे त्यांना वाटे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान देऊन ओटोने १८९१ साली स्ट्रासबर्ग येथील विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमासाठी नाव घातले. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी ते जर्मनीच्या ताब्यात होते.

नाव वैद्यकाच्या वर्गात असले, तरी मन तेथे रमेना. शरीरशास्त्राच्या तासांना दांडी मारून ओटो तत्त्वज्ञानाच्या आणि वास्तुकलेच्या व्याख्यानांना जाऊन बसे. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. वैद्यकाच्या पहिल्या परीक्षेत तो कसाबसा उत्तीर्ण झाला. पुढे मात्र त्याला चांगले गुरू लाभले. इंग्लंडमधील गॅस्केल या शास्त्रज्ञाचे बेडकाच्या हृदयावरील संशोधन त्याच्या वाचनात आले. हृदय हे केवळ रक्ताचा पंप नसून ते कसे चालते हे एक मोठे कोडे आहे, हे त्याला उमगले. कलेवर प्रेम करणाऱ्या त्या तरुणाला शरीराच्या रचनेतही एक कला दिसू लागली. बेडकाच्या हृदयावर औषधांचा परिणाम काय होतो, याच विषयावर त्याने प्रबंध लिहिला आणि १८९६ साली तो डॉक्टर झाला.

डॉक्टर झाल्यावर लोवी यांनी फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात काम पत्करले. तेथे त्यांच्या नजरेस जे पडले, ते मोठे करुण होते. क्षयाने आणि न्यूमोनियाने ग्रासलेले रोगी एकामागून एक येत. बरेचसे तरुण असत. त्यांना अंथरुणावर निजवावे, पथ्याचे अन्न द्यावे आणि वाट पाहावी, यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नसे. त्या काळी या रोगांवर गुणकारी औषधच नव्हते. रोज डोळ्यांदेखत माणसे मरत आहेत आणि आपण नुसते पाहत उभे आहोत, ही स्थिती त्यांना असह्य झाली. रोग्याला बरे करण्याचे साधन जर नसेल, तर आधी ते साधन शोधले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. रुग्णालयाचा निरोप घेऊन ते औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरले. १८९८ साली मारबुर्ग येथील विख्यात औषधशास्त्रज्ञ हान्स मायर यांचे ते साहाय्यक झाले.

१९०२ साली लोवी इंग्लंडला गेले. लंडन आणि केंब्रिज येथील प्रयोगशाळा त्यांनी पाहिल्या. या प्रवासात हेन्री डेल नावाच्या एका तरुण संशोधकाशी त्यांचा परिचय झाला. डेल त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान होते. त्या परिचयाचे रूपांतर मैत्रीत झाले, आणि ती मैत्री सुमारे साठ वर्षे, लोवी यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, टिकली. या अवधीत इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात दोन महायुद्धे झाली. पण या दोन मित्रांत अंतर पडले नाही.

त्या काळी शास्त्रज्ञांसमोर एक प्रश्न उभा होता. आपल्या शरीरात मज्जातंतूंचे जाळे पसरलेले आहे. मेंदूची आज्ञा या तंतूंवाटे हातापायांना, हृदयाला आणि पोटाला पोचते. तंतूतून जाणारा हा संदेश विजेच्या स्वरूपाचा असतो, हे तोवर ठाऊक झाले होते. परंतु तंतू जेथे संपतो तेथे पुढे काय होते? तंतूचे टोक आणि पुढील पेशी यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. मेंदूतील पेशींमधली ही फट किती लहान असते, याची कल्पना करायची झाली, तर एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करावेत. त्यांतील एका भागाएवढी ती असते. एवढी लहान असली तरी ती फटच. नदीवर पूल नसेल तर गाडीला जसे काठावर थांबावे लागते, तसा तो संदेशही टोकाशी येऊन थांबला पाहिजे. मग तो पलीकडे जातो कसा? बहुतेकांचे म्हणणे असे की, विजेची ठिणगी जशी तारेवरून तारेवर उडी घेते, तसा संदेश उडी घेत असावा. काही थोड्यांना मात्र शंका येई की, तंतूच्या टोकातून एखादे रसायन पाझरत असावे आणि ते रसायनच निरोप पलीकडे नेत असावे.

दुसरा एक चमत्कारही शास्त्रज्ञांना विचारात पाडत होता. मेंदूकडून हृदयाकडे व्हेगस नावाचा एक मज्जातंतू येतो. वेबर या जर्मन बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले होते की, हा तंतू उद्दीपित केला असता हृदयाचे ठोके मंदावतात. याउलट, दुसऱ्या एका तंतूमुळे ते जलद होतात. संदेश जर दोन्ही तंतूंतून विजेच्याच रूपाने येत असेल, तर एकाच हृदयावर दोन विरुद्ध परिणाम का व्हावेत? रसायनाची कल्पना मान्य केली, तर हे कोडे सुटण्यासारखे होते. १९०३ साली एका इंग्रज मित्राशी बोलताना लोवी यांच्या मनात ही कल्पना येऊन गेली. परंतु ती सिद्ध कशी करावी, हे त्यांना सुचेना. पुढे इतर कामांच्या व्यापात ती विस्मृतीत गेली.

मधली वर्षे लोवी स्वस्थ बसले नव्हते. प्राणी खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांपासून स्वतःची नवी प्रथिने घडवतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. मायर यांच्यासमवेत ते व्हिएन्नाला गेले. १९०८ साली ग्विडा गोल्डश्मीट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०९ साली ग्रात्स विद्यापीठाने त्यांना औषधशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. तेथे ते जवळजवळ तीस वर्षे राहिले. तीन मुलगे व एक मुलगी यांनी घर गजबजून गेले होते. संगीत, चित्रे आणि जुन्या इमारती यांची आवडही त्यांनी सोडली नव्हती.

अशा स्थितीत ईस्टरची ती रात्र उगवली. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मनात येऊन गेलेली कल्पना आणि ती पारखण्याची रीत, ही दोन्ही त्यांना झोपेत एकदमच सापडली. ती रीत अशी होती :

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य अशा मीठपाण्यात ठेवले, तर ते कितीतरी वेळ धडधडत राहते. हे मीठपाणी लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरांनी शोधून काढले होते. आज रुग्णालयात शिरेवाटे जी सलाईन देतात, त्यांतील एका प्रकाराला अजूनही रिंगर यांचेच नाव आहे. लोवी यांनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाला व्हेगस तंतू जोडलेला ठेवला. दुसऱ्याचे सर्व तंतू काढून टाकले. प्रत्येक हृदयात काचेची बारीक नळी बसवून रिंगर यांचे पाणी भरले. मग त्यांनी पहिल्या हृदयाच्या व्हेगस तंतूला विजेने उद्दीपित केले. अपेक्षेप्रमाणे ते हृदय मंदावले. काही मिनिटांनी त्यांनी त्या हृदयातील पाणी काढून घेतले आणि ते दुसऱ्या हृदयात घातले.

आणि काय आश्चर्य! दुसरे हृदयही मंदावले. त्याला तंतू नव्हता. त्याला कोणी विजेचा स्पर्श केला नव्हता. दोन हृदयांमध्ये ठिणगीने उडी घ्यावी, असा कोणताही दुवा नव्हता. होते ते केवळ पाणी. तंतू उद्दीपित करण्यापूर्वीचे पाणी घालून पाहिले, तर दुसऱ्या हृदयावर काहीच परिणाम होत नसे. मग त्यांनी पहिल्या हृदयाची गती वाढवणारा तंतू उद्दीपित केला. ते पाणी दुसऱ्या हृदयात घालताच त्याचेही ठोके जलद झाले. म्हणजे तंतूच्या टोकातून खरोखरच काहीतरी पाझरून पाण्यात उतरले होते. निरोप विजेने फटीपर्यंत आणला होता, पण फटीपलीकडे तो नेला होता एका रसायनाने. १९२१ साली लोवी यांनी हा शोध प्रसिद्ध केला. हृदय मंद करणाऱ्या त्या अज्ञात रसायनाला त्यांनी व्हेगसचा पदार्थ एवढेच साधे नाव दिले.

या शोधाविषयी लोवी यांनी पुढे मोठ्या प्रांजळपणे एक गोष्ट सांगितली. हा प्रयोग जर आपल्याला दिवसा, पूर्ण जागेपणी सुचला असता, तर आपण तो केलाच नसता, असे ते म्हणत. कारण तंतूतून रसायन पाझरत असले, तरी ते फटीपुरतेच असणार. हृदयातील पाण्यात उतरून दुसऱ्या हृदयावर परिणाम करण्याइतके ते उरेल कशाला, असा तर्क करून त्यांनी ती कल्पना बाजूस सारली असती. सुदैवाने रात्री तीन वाजता तर्क करीत बसण्यास त्यांना सवड नव्हती. मात्र हे स्वप्न शून्यातून आलेले नव्हते. रसायनाची कल्पना पूर्वी त्यांच्या मनात येऊन गेली होती. बेडकाच्या हृदयातील पाणी तपासण्याची रीतही त्यांनी दोन वर्षांपूर्वी निराळ्या कामासाठी वापरलेली होती. बीज आधीच पेरलेले होते. त्या रात्री ते उगवले, इतकेच.

नवा विचार मान्य होण्यास वेळ लागतो. कित्येक शास्त्रज्ञांनी तो प्रयोग आपापल्या प्रयोगशाळेत करून पाहिला. काहींना यश आले, काहींना आले नाही. तेव्हा शंका घेणाऱ्यांचा आवाज वाढला. बेडकाची जात, ऋतू आणि हवेतील उष्णता यांनुसार या प्रयोगाचे फळ बदलते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नव्हते. लोवी यांनी वाद घालत बसण्यापेक्षा पुरावा देण्याचा मार्ग पत्करला. १९२६ साली स्टॉकहोम येथे जगातील शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे सर्वांच्या समक्ष त्यांनी तो प्रयोग करून दाखवला. प्रयोग फसला असता, तर त्यांची सारी प्रतिष्ठा धुळीस मिळाली असती. परंतु बेडकाच्या त्या इवल्याशा हृदयांनी त्यांची साथ सोडली नाही.

पुढचा प्रश्न असा होता की, हा निरोप नेणारा पदार्थ कोणता? त्यांचे मित्र डेल यांनी १९१४ सालीच ॲसिटिलकोलीन नावाच्या एका रसायनाचा अभ्यास केला होता. राय या धान्यावर पडणाऱ्या एका बुरशीत त्यांना ते सापडले होते, आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात हेही त्यांनी नोंदवले होते. लोवी यांनी व्हेगसच्या पदार्थाचे सर्व गुण तपासले. दोन्ही पदार्थ सारखेच वागत होते. तरीही त्यांनी घाई केली नाही. अनेक वर्षे पारख केल्यावरच ते दोन्ही एकच होत, असे त्यांनी म्हटले. १९२९ साली डेल आणि त्यांचे सहकारी यांना प्राण्याच्या शरीरातही ॲसिटिलकोलीन आढळले, तेव्हा ही साखळी पूर्ण झाली.

या अभ्यासात लोवी यांनी दोन विषारी वनस्पतींचा फार चतुराईने उपयोग केला. पहिली बेलाडोना. तिच्यापासून ॲट्रोपिन हे औषध निघते. आपल्याकडील धोतऱ्यातही त्याच जातीचे विष असते. ॲट्रोपिन दिले असता व्हेगस तंतू कितीही उद्दीपित केला, तरी हृदय मंदावत नाही. लोवी यांनी दाखवले की, ॲट्रोपिनमुळे रसायनाचे पाझरणे थांबत नाही. ते रसायन हृदयापर्यंत पोचूनही निष्फळ ठरते. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. पेशीच्या पृष्ठभागावर कुलपासारख्या काही जागा असतात. त्यांना ग्राही असे म्हणतात. ॲसिटिलकोलीन ही त्या कुलपाची किल्ली होय. ॲट्रोपिन त्या कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. आणि ते बसलेले असेपर्यंत खऱ्या किल्लीला आत जाता येत नाही.

दुसरी वनस्पती म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार येथील एक घेवडा. तेथे पूर्वी आरोपीचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी त्याला या बियांचे पाणी पाजत. या बियांतून एझरीन नावाचे द्रव्य निघते. निरोप पोचवल्यावर ॲसिटिलकोलीनचे काम संपते. तेव्हा शरीरातील एक विकर त्याचे क्षणार्धात तुकडे करून टाकते. असे झाले नाही, तर जुना निरोप पुसला जाणार नाही आणि नवा निरोप कळणार नाही. फळ्यावरील पहिले गणित पुसल्यावाचून दुसरे मांडता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. एझरीन हे त्या पुसणाऱ्या विकराचा हात धरून ठेवते, आणि म्हणून ॲसिटिलकोलीनचा परिणाम अधिक काळ टिकतो. १९२६ साली लोवी आणि त्यांचे सहकारी नावरातिल यांनी हे सिद्ध केले. एक औषध निरोप अडवते, दुसरे तो टिकवून धरते. औषध शरीरात नेमके कोठे व कसे काम करते, याचे हे अतिशय स्पष्ट असे एक उदाहरण होते.

१९३६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लोवी आणि डेल या दोघा मित्रांना विभागून देण्यात आले. मिळालेली रक्कम लोवी यांनी स्टॉकहोममधील बँकेतच ठेवली. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. आता उरलेले आयुष्य संशोधनात आणि मुलाबाळांत सुखाने जाईल, असे कोणालाही वाटले असते. परंतु युरोपावर काळे ढग जमत होते.

जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन पाच वर्षे झाली होती. ज्यू म्हणून जन्मास येणे हाच त्या राज्यात अपराध ठरला होता. ११ मार्च १९३८ च्या रात्री ऑस्ट्रियाची सत्ता नाझींच्या हाती गेली. त्याच रात्री तीनच्या सुमारास शस्त्रधारी तरुणांची एक टोळी लोवी यांच्या शयनगृहात घुसली. त्यांना अंथरुणातून उठवून तुरुंगात नेण्यात आले. त्यांच्या दोन धाकट्या मुलांनाही पकडण्यात आले. अपराध काय, शिक्षा काय, हे कोणी सांगेना. आपल्याला ठार मारणार, अशी लोवी यांची खात्री झाली.

मृत्यू समोर दिसत असता माणसाच्या मनात काय येते? लोवी यांच्या मनात आपल्या अखेरच्या प्रयोगांचा विचार आला. त्या प्रयोगांचे फळ अद्याप कोठेही प्रसिद्ध झालेले नव्हते. आपण मेलो तर ते ज्ञानही आपल्याबरोबर नाहीसे होईल, याचे त्यांना दुःख झाले. त्यांनी पहारेकऱ्याची मनधरणी केली आणि एक पोस्टकार्ड व लेखणी मिळवली. त्या इवल्याशा कार्डावर त्यांनी आपल्या प्रयोगांचे सार लिहिले आणि ते एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडण्यास दिले. कार्ड रवाना झाल्यावर त्यांच्या मनावरचा भार हलका झाला.

सुमारे दोन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. परंतु देश सोडून जाण्याची परवानगी फुकट मिळाली नाही. स्टॉकहोमच्या बँकेतील नोबेल पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत भरण्याचा हुकूम त्यांना द्यावा लागला. घर गेले, प्रयोगशाळा गेली, पैसा गेला. सप्टेंबर १९३८ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हातांनी इंग्लंडला पोचले. पत्नीला मात्र नाझींनी मागे अडकवून ठेवले. तिची इटलीत काही मालमत्ता होती. तीही त्यांना हवी होती. पतिपत्नींची भेट होण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

जुन्या मित्रांनी त्यांना परके मानले नाही. बेल्जियममधील ब्रसेल्सच्या विद्यापीठाने त्यांना बोलावले. पुढे युद्ध पेटल्यावर ऑक्सफर्डमध्ये त्यांची सोय झाली. १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना संशोधक प्राध्यापक म्हणून पाचारण केले. वयाची सदुसष्ट वर्षे भरत आलेली असताना लोवी अमेरिकेच्या बंदरात उतरले. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे कागद देण्यापूर्वी त्यांची नजर सहज आपल्या प्रमाणपत्रावर गेली. त्यावर लिहिले होते की, हा मनुष्य वार्धक्याने जर्जर झाला असून स्वतःची उपजीविका करण्यास असमर्थ आहे! लोवी यांच्या काळजात चर्र झाले. परंतु तो अधिकारी समंजस होता. त्याने त्या शेऱ्याकडे दुर्लक्ष केले आणि लोवी यांना आत घेतले. ज्याला प्रमाणपत्राने निरुपयोगी ठरवले होते, तो वृद्ध पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला. १९४६ साली लोवी अमेरिकेचे नागरिक झाले. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या वुड्स होल येथील प्रयोगशाळेत तरुण संशोधकांच्या घोळक्यात बसून ते तासन्‌तास गप्पा मारीत.

या काळात त्यांच्या विचाराचा विजय त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाला. मेंदूच्या आत मात्र निरोप विजेच्या उडीनेच जातो, असे जॉन एकल्स नावाचे नामांकित शास्त्रज्ञ हिरिरीने सांगत असत. १९५१ साली एकल्स यांच्या स्वतःच्याच प्रयोगांनी त्यांचे मत खोटे ठरवले. त्यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली आणि ते रसायनाच्या पक्षाला येऊन मिळाले. आणखी एक समाधान लोवी यांना लाभले. ज्या क्षयरोगापुढे हात टेकून त्यांनी तरुणपणी रुग्णालय सोडले होते, त्या रोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली अमेरिकेतच सापडले. २५ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, लोवी यांनी देह ठेवला.

लोवी गेले; त्यांनी दाखवलेल्या वाटेवरून मात्र पुष्कळ जण पुढे गेले. मेंदूत असे निरोप नेणारे अनेक पदार्थ आणि त्यांचे अनेक ग्राही आज ज्ञात झाले आहेत. १९५७ च्या सुमारास स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी डोपामिन हा मेंदूतील असाच एक निरोप्या असल्याचे दाखवले, आणि त्यातून कंपवातावरील औषध निघाले. म्हातारपणी ज्यांची स्मृती हरपते, अशा रोग्यांना जी काही औषधे देतात, ती एझरीनप्रमाणेच पुसणाऱ्या विकराचा हात धरून ठेवतात. त्यांनी तो रोग नाहीसा होत नाही; परंतु काही रोग्यांची आठवण आणखी काही काळ टिकते.

आपल्या खेड्यापाड्यांतही या ज्ञानाचा उपयोग रोज होत असतो. पिकावर फवारायची काही कीटकनाशके शेतकऱ्याच्या अंगात भिनली, तर ती त्याच विकराला निकामी करतात. शरीरात ॲसिटिलकोलीन साचते. तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो, हृदय मंदावते. अशा वेळी डॉक्टर धावपळ करून ॲट्रोपिन टोचतात आणि साचलेल्या त्या किल्ल्यांसमोर कुलपे बंद करून टाकतात. नागाचे विष याच्या उलट वागते. ते स्नायूंवरील ग्राहींना पकडून बसते, निरोप पोचत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तेव्हा सर्पविषावरील लशीच्या जोडीला एझरीनच्याच जातीचे एक औषध देऊन ॲसिटिलकोलीन टिकवून धरतात. तालुक्याच्या रुग्णालयात असा एखादा शेतकरी डोळे उघडतो, तेव्हा त्याला वा त्याच्या घरच्यांना ओटो लोवी हे नाव ठाऊक नसते.

ज्या ग्रात्समधून त्यांना हाकलून देण्यात आले, तेथील वैद्यकीय विद्यापीठातील एका संशोधन केंद्राला आज त्यांचे नाव आहे. लोवी यांच्या आयुष्यात दोन कागद विशेष महत्त्वाचे ठरले. एक त्यांनी अर्धवट झोपेत लिहिला. तो त्यांना स्वतःलाही वाचता आला नाही. दुसरा त्यांनी तुरुंगात, मृत्यूच्या छायेत लिहिला. तो मात्र इतरांना नीट वाचता यावा, म्हणून लिहिला. जन्मभर निरोपाचा शोध घेणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या हातचा निरोप वाटेत हरवू दिला नाही.